मेनफ्रेमवर प्रायॉरिटी लावताना आधी ठरवा थांबवायचं कुणाला

सपोर्टला नवीन आलेली पोरं पहिल्या महिन्याभरात हमखास एक गोष्ट करतात. जॉब म्हणजे मशीनला दिलेलं एक काम, तो स्लो चाललाय म्हणून जॉब कार्डवर (जॉबच्या सुरुवातीच्या स्टेटमेंटमध्ये) पीआरटीवाय १५ म्हणजे सगळ्यात वरची प्रायॉरिटी टाकून परत सबमिट करतात आणि मग माझ्या डेस्कपाशी येऊन विचारतात, सर तरी फरक का नाही पडला. नाहीच पडणार. ते पॅरामीटर जॉबला इनिशिएटर (जॉब चालवायची जागा) मिळेपर्यंत रांगेत कुठे उभं करायचं एवढंच सांगतं, एकदा जॉब सुरू झाला की त्याला सीपीयू किती मिळणार याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि जेस-टूच्या (जॉबची रांग सांभाळणारा भाग) सेटिंगमध्ये त्याला परवानगी दिलेली नसेल तर रांगेतही पुढे जाता येत नाही. सीपीयूचा कारभार बघतो डब्ल्यूएलएम म्हणजे वर्कलोड मॅनेजर, आणि त्याच्याशी बोलायची भाषा वेगळी आहे.

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका क्लायंटच्या झेडओएस सिस्टिम्स (झेडओएस म्हणजे आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) बघतो, बरीच वर्षं झाली, त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. मॅन्युअल मोठं आहे, ते वाचाच, पण कुठून सुरुवात करायची ते मॅन्युअलमधून कळत नाही.

थोडा इतिहास, कारण जुन्या लोकांच्या तोंडी अजून ते शब्द येतात. पूर्वी परफॉर्मन्स ग्रुप आणि डोमेन नावाचे कामांचे गट असायचे, पार्मलिबमध्ये (सिस्टिमच्या सेटिंगची लायब्ररी) दोन मेंबर भरून सिस्टिमला हाताने सांगावं लागायचं की याला एवढा नंबर आणि त्याला तेवढा. १९९४ मध्ये एमव्हीएस/ईएसए ५.१ (झेडओएसची आधीची पिढी) बरोबर डब्ल्यूएलएम आला आणि उलटं झालं, आता नंबर आपण द्यायचे नाहीत, आपण फक्त सांगायचं की या कामाकडून मला काय हवंय, नंबर तो लावेल आणि दर थोड्या वेळाने बदलत राहील. झेडओएस १.३ पासून जुनी पद्धत काढूनच टाकली. तरी डोक्यातून ती जात नाही, "याला टॉप प्रायॉरिटी द्या" अशी मेल आजही आठवड्याला एक तरी येतेच.

काही बदलायच्या आधी पहिली गोष्ट बघा की तुमचा जॉब खरंच सीपीयूसाठी थांबलाय का. हे लोक बघतच नाहीत! आरएमएफ (परफॉर्मन्स मोजणारं टूल) मॉनिटर थ्रीचा डिले रिपोर्ट उघडा, तिथे जॉबच्या नावासमोर तो कशासाठी किती टक्के अडलाय ते दिसतं, प्रोसेसर, डिव्हाइस, मेमरी, एन्क्यू (दुसऱ्याने धरलेली गोष्ट सुटायची वाट) वगैरे. प्रोसेसरचा डिले पाच टक्के आणि एन्क्यूचा सत्तर असेल तर कोणीतरी डेटासेट म्हणजे फाइल धरून बसलंय, त्याला जगातली सगळी प्रायॉरिटी दिली तरी तो तिथेच बसणार. टेप माउंटची वाट बघणारा जॉब, मायग्रेट झालेला (दुसऱ्या स्टोरेजवर हलवलेला) डेटासेट परत येण्याची वाट बघणारा जॉब, यांचंही तेच. आणि मशीन साठ टक्केच बिझी असेल तर सगळ्यांनाच जवळपास हवं तेवढं मिळतंय, प्रायॉरिटीचा प्रश्न मशीन भरलं की मगच येतो.

आता मुख्य काम, आणि ते स्क्रीनवर करायचं नाही, कागदावर करायचं. सिस्टिमवर काय काय चालतं त्याची यादी काढा, सीआयसीएसचं (ट्रान्झॅक्शन चालवणारं सॉफ्टवेअर) ऑनलाइन, डीबी-टू हा डेटाबेस, वेब आणि मोबाइलवरून डीडीएफमार्गे (डीबी-टूचं बाहेरून येणाऱ्या क्वेरींसाठीचं दार) येणाऱ्या क्वेरी, रात्रीची बॅच म्हणजे एकामागून एक चालणारे जॉब, टेस्टची बॅच, टीएसओचे (थेट लॉगिन करून काम करणारे) युजर, रिपोर्टवाले. मग प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा, हे अर्धा तास अडलं तर फोन कुणाचा येणार आणि किती वेळाने येणार. "हे महत्त्वाचं आहे का" असं बिझनेसवाल्यांना विचारू नका, कारण उत्तर हो हेच येणार, आजवर एकाही माणसाने मला "नाही हो, आमचं काम तसं बिनमहत्त्वाचंच" असं सांगितलेलं नाही. त्यापेक्षा विचारा की मशीन भरलंय आणि दोघांपैकी एकालाच मिळणार आहे, तर तुमच्यापैकी कोण थांबेल. दोन्ही टीमचे लोक एकाच कॉलवर असताना विचारा, म्हणजे नंतर मेल फॉरवर्ड करत बसावं लागत नाही. लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसणार ते सगळ्यांना पाठ असतं, दुसऱ्या पंगतीला कुणाला थांबायला सांगायचं तिथे भांडणं होतात, इथेही अगदी तसंच आहे.

हा कागद झाला की प्रत्येक सर्व्हिस क्लासला, म्हणजे सारखी वागणूक द्यायच्या कामांच्या गटाला, गोल म्हणजे गाठायचं लक्ष्य आणि त्यासोबत इम्पॉर्टन्स लावायचा. १ ते ५, एक सगळ्यात वरचा, आणि पाचच्याही खाली डिस्क्रिशनरी म्हणजे उरलंसुरलं खा. आमच्याकडे साधारण असं आहे: ऑनलाइन सीआयसीएस आणि त्याला लागणाऱ्या डीबी-टूच्या अ‍ॅड्रेस स्पेस (चालू प्रोग्रॅम) एकवर, डीडीएफचं ग्राहकांकडून येणारं काम दोनवर, क्रिटिकल बॅच आणि टीएसओच्या छोट्या कमांड तीनवर, बाकी प्रॉडक्शन बॅच चारवर, टेस्ट पाचवर, आणि अ‍ॅडहॉक रिपोर्ट डिस्क्रिशनरी. त्याच्याही वर सिस्टिम आणि सिसएसटीसी असे दोन तयार क्लास असतात, त्यांना गोल नसतो, सिस्टिमची डिस्पॅचिंग प्रायॉरिटी (सीपीयूच्या रांगेतला प्रत्यक्ष नंबर, हेक्समध्ये) एफएफ आणि सिसएसटीसीची एफई, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर. जेस, नेटवर्कचे व्हीटॅम आणि टीसीपीआयपी, डीबी-टूचा लॉक मॅनेजर हे सिसएसटीसीमध्ये ठेवायचे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या नाहीतर पुढे घोळ होतो. इम्पॉर्टन्स म्हणजे डिस्पॅचिंग प्रायॉरिटी नव्हे. गोल चुकायला लागला तर कुणाला आधी मदत करायची एवढंच इम्पॉर्टन्स सांगतो. सगळ्यांचे गोल पूर्ण होत असतील तर इम्पॉर्टन्स कुणी बघतही नाही, आणि एसडीएसएफ या टूलच्या डीए स्क्रीनवर (चालू कामांची यादी) इम्पॉर्टन्स चारचा जॉब कधीकधी इम्पॉर्टन्स एकच्या वर बसलेला दिसतो, घाबरू नका, तो बग नाही. आणि सगळंच काम एकवर टाकलं तर काय होतं? तर इम्पॉर्टन्स असून नसल्यासारखा, मग ज्याचा गोल सगळ्यात जास्त चुकतोय त्याला मदत मिळते, आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी अवास्तव गोल लावलेला टेस्टचा जॉब असतो.

गोलचे प्रकार मोजकेच. रिस्पॉन्स टाइम एकतर सरासरी किंवा टक्केवारीत, म्हणजे ९० टक्के ट्रान्झॅक्शन अर्ध्या सेकंदात. मग व्हेलॉसिटी (खाली समजावतो), आणि मग डिस्क्रिशनरी. ऑनलाइनला शक्यतो टक्केवारीवालाच लावा. सरासरीत एखादं तासभर लटकलेलं ट्रान्झॅक्शन सगळा आकडा बिघडवतं आणि डब्ल्यूएलएम उगाच धावाधाव करतो. रिस्पॉन्स टाइमसाठी काम सारखं येत राहायला हवं, वीस मिनिटांत निदान दहा तरी ट्रान्झॅक्शन संपायला हवीत हा अंदाज धरतात, तेवढं येत नसेल तर व्हेलॉसिटी लावा.

व्हेलॉसिटी बऱ्याच जणांना झेपत नाही म्हणून उदाहरण देतो. सिस्टिम सेकंदाला चार वेळा डोकावून बघते की हे काम आत्ता रिसोर्स वापरतंय की वाट बघतंय. समजा १०० वेळा बघितलं, त्यात ३० वेळा वापरताना सापडलं आणि ७० वेळा थांबलेलं, तर व्हेलॉसिटी ३०. यात फक्त डब्ल्यूएलएमच्या हातात असलेलं थांबणं धरतात, एन्क्यूवर अडकलेला वेळ धरत नाहीत. गोल ४० असेल आणि मिळाली ३० तर परफॉर्मन्स इंडेक्स म्हणजे पीआय ४० भागिले ३०, १.३३. रिस्पॉन्स टाइमला भागाकार उलटा, मिळालेला वेळ भागिले गोल, अर्धा सेकंद हवा होता आणि ०.८ लागला तर १.६. एकच्या वर गेला म्हणजे गोल चुकला, खाली म्हणजे मजेत चाललंय. हा एक आकडा वाचता आला की निम्मं डब्ल्यूएलएम आलं.

आता तो आत काय करतो ते बघा. दर दहा सेकंदांनी तो वरच्या इम्पॉर्टन्सपासून खाली बघत येतो की कुणाचा पीआय एकच्या वर आहे, एकाला उचलतो, त्याला कशाने मदत होईल ते बघतो आणि ती कुणाकडून काढून द्यायची ते शोधतो. काढून घ्यायला आधी खालचे सापडतात, पण नेहमी खालचेच असं नाही, वरच्या इम्पॉर्टन्सचं काम गोलपेक्षा फारच छान चाललं असेल तर त्याच्याकडूनही घेतो. म्हणून महत्त्वाच्या कामाला ढिला गोल लावणं धोक्याचं. ऑनलाइन ०.२ सेकंदात होतंय आणि तुम्ही गोल लावलाय दोन सेकंद, तर डब्ल्यूएलएमच्या मते इथे भरपूर शिल्लक आहे, तो काढून बॅचला देईल आणि तुमचे युजर ओरडतील आणि रिपोर्टमध्ये मात्र गोल मेट! उलट बॅचला व्हेलॉसिटी ९० लावली तर ती कधीच मिळत नाही, पीआय कायम वर, आणि तो तिच्यासाठी बाकीच्यांचं काढत राहतो किंवा काहीच जमत नाही म्हणून सोडून देतो, दोन्ही वाईटच.

म्हणून गोल मनाने लावायचा नाही, आरएमएफच्या वर्कलोड अ‍ॅक्टिव्हिटी रिपोर्टमधून काढायचा. एसएमएफ (सिस्टिम स्वतः ठेवते त्या नोंदी) ७२ रेकॉर्डमध्ये सगळं असतं. दोन-तीन आठवड्यांचे बिझी तास घ्या, महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे, आणि मशीन भरलेलं असताना युजरची तक्रार नव्हती तेव्हा काय आकडा मिळत होता ते बघा, गोल त्याच्या आसपास लावा. ३० आणि ३५ असा फरक करत बसू नका, डब्ल्यूएलएमच्या लेखी ते जवळजवळ सारखंच, निदान दहाचं अंतर ठेवा. आणि सर्व्हिस क्लास कमी ठेवा, एका वेळी चालू असलेले पीरियड (क्लासमधले टप्पे, पुढे सांगतो) तीसच्या आसपास बास. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला स्वतःचा क्लास हवा असतो, त्यांना रिपोर्ट क्लास द्या, आकडे वेगळे दिसतात आणि मॅनेज सगळं एकत्रच होतं. क्लास पन्नास झाले की एका क्लासमध्ये एवढं थोडं काम येतं की त्याला सॅम्पलच मिळत नाहीत, आणि दहा सेकंदांत मदत एकालाच होते हे आठवा, रांग लांबली की नंबर यायला वेळ लागतो.

क्लासिफिकेशन रूल म्हणजे कुठलं काम कुठल्या क्लासमध्ये जाणार. रूल वरून खाली वाचले जातात, पहिला जुळला की संपलं, त्यामुळे स्पेसिफिक वर आणि वाइल्डकार्डवाले खाली. आणि इथला एक खड्डा मी स्वतः पडून बघितलाय. रूलमध्ये न बसणारं बहुतेक काम सिसअदर नावाच्या क्लासमध्ये जातं, तो डिस्क्रिशनरी, म्हणजे तळाला. पण स्टार्टेड टास्कचं (एसटीसी, म्हणजे स्टार्ट कमांडने सुरू होणारे प्रोग्रॅम) उलटं आहे, तिथे डिफॉल्ट लावला नसेल तर बिनरूलची टास्क सरळ सिसएसटीसीमध्ये जाते, एफईवर, ऑनलाइनच्याही वर!

झालं असं की एका वीकेंडला एक नवीन मॉनिटरिंगचं प्रॉडक्ट टाकलं, टास्कचं नाव कुठल्याच रूलमध्ये बसत नव्हतं, कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. सोमवारी आमच्याकडे संध्याकाळचे सात, तिकडे सकाळचे साडेनऊ, मी चहा घेऊन जागेवर आलो तर ब्रिज कॉल (अडचणीच्या वेळचा सगळ्यांचा एकत्र कॉल) सुरूच होता, ऑनलाइन स्लो. आरएमएफच्या सिसएसयूएम स्क्रीनवर सीआयसीएसचा पीआय २.४. डीएवर गेलो, सीपीयूच्या कॉलमवर सॉर्ट मारला, वरच नवीन टास्क, डीपीच्या (डिस्पॅचिंग प्रायॉरिटी) कॉलममध्ये एफई, लूपमध्ये गेलेली आणि तीन लॉजिकल सीपीपैकी (प्रोसेसर) एक अख्खा एकटी खात होती. डब्ल्यूएलएम बिचारा काहीच करू शकत नव्हता कारण सिसएसटीसीकडून काढून घ्यायची त्याला परवानगीच नाही. डीए स्क्रीनवरच सर्व्हिस क्लासच्या कॉलमवर टाइप करून टास्क टेस्ट बॅचच्या क्लासमध्ये टाकली, पुढच्या दोन रिफ्रेशमध्ये पीआय १.१ वर आला, मग सावकाश डंप (तपासायला मेमरीची नक्कल) घेऊन तिला मारली. चहा गार झाला ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून एसटीसीच्या रूलमध्ये आधी दोन ओळी, सिस्टिमच्या स्वतःच्या टास्क सिस्टिम आणि सिसएसटीसीमध्ये पाठवणाऱ्या, मग नावाने ओळखीच्या टास्क, आणि डिफॉल्ट म्हणून खालचा व्हेलॉसिटी क्लास. नवीन पाहुणा आला तर आधी ओसरीवर बसेल.

पीरियड टीएसओला आणि डीडीएफला फार कामाचे. काम आलं की पहिल्या पीरियडमध्ये चांगला गोल, ठरलेली सर्व्हिस युनिट (वापरलेल्या रिसोर्सचं माप) खाऊन झाली की आपोआप दुसऱ्यात, खालचा इम्पॉर्टन्स, मग तिसऱ्यात. मोबाइलवरचा बॅलन्स बघणारी क्वेरी पहिल्यातच संपते आणि कुणीतरी व्हेअर क्लॉज (कुठल्या ओळी हव्यात ती अट) विसरून सोडलेली क्वेरी घरंगळत तळाला जाते, तुम्हाला काही करावं लागत नाही. पहिल्या पीरियडची मर्यादा अशी ठेवा की ८०-९० टक्के ट्रान्झॅक्शन त्यातच संपतील. प्रॉडक्शन बॅचला मात्र मी पीरियड लावत नाही, मोठा जॉब हा मोठा असतो म्हणून त्याला खाली ढकलला तर क्रिटिकल पाथवरचा नेमका तोच असतो.

डिस्क्रिशनरीबद्दल एक इशारा. प्रॉडक्शनच्या टेबलांना हात लावणारं काम तिथे टाकू नका. मशीन भरलं की डिस्क्रिशनरीला सीपीयू मिळत नाही, आणि त्याने एखादं लॉक धरलेलं असेल तर ते धरून तो झोपतो, आणि त्याच्या मागे इम्पॉर्टन्स एकवाले उभे. अशा उपाशी कामाला थोडा सीपीयू थेंब थेंब पाजायची सोय सिस्टिममध्ये आहे, पण थेंबावर किती भागणार. हीच भीती काम थोपवणाऱ्या क्विएस कमांडची, ऑपरेटर घाईत जॉब क्विएस करतात आणि त्याने धरलेले डेटासेट तसेच धरलेले राहतात. दाबायचंच असेल तर खालच्या क्लासमध्ये रिसेट करा, चालत तरी राहील. आणि रिसेट केलेलं काम मोकळं झालं की रिझ्यूम (मूळ क्लासमध्ये परत पाठवणारी कमांड) द्यायला विसरू नका, मी शिफ्ट हँडओव्हरच्या शीटमध्ये यासाठी वेगळा कॉलमच केलाय, "कुणाला उचललं, परत ठेवलं का".

पैशाचाही भाग आहे यात. सॉफ्टवेअरचं बिल बऱ्याच ठिकाणी चार तासांच्या रोलिंग अ‍ॅव्हरेजच्या महिन्यातल्या सर्वोच्च आकड्यावर येतं, म्हणून मॅनेजमेंट एलपारला (मशीनचा स्वतंत्र सिस्टिम चालवणारा हिस्सा) सॉफ्ट कॅप म्हणजे वापराची मर्यादा लावते. कॅप लागली की मशीनमध्ये जागा असूनही तुम्हाला मिळत नाही, आणि अशा वेळी तो कागदावरचा क्रम कामाला येतो. खालच्या कामाला काही ठोस मर्यादा हवी असेल तर रिसोर्स ग्रुप लावून कमाल कपॅसिटी ठरवता येते. पण जपून, रिसोर्स ग्रुपची मर्यादा गोलच्याही वर चालते, मशीन रिकामं असलं तरी ते काम तेवढ्यातच राहतं.

बदल अ‍ॅक्टिव्हेट करताना: आधी चालू सर्व्हिस डेफिनिशन (क्लास, गोल, रूल सगळं मिळून) एका डेटासेटमध्ये सेव्ह करा, तारीख नावातच टाका. मग नवीन डेफिनिशन कपल डेटासेटमध्ये (सगळ्या सिस्टिम्सची सामाईक फाइल) इन्स्टॉल करायचं आणि मग पॉलिसी (त्यातला गोलचा एक संच) अ‍ॅक्टिव्हेट करायची, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, नुसतं इन्स्टॉल करून "काहीच बदललं नाही" म्हणणारे भेटतात. डेफिनिशन अख्ख्या सिसप्लेक्सला (एकत्र जोडलेल्या सिस्टिम्सचा गट) एकच, त्यामुळे टेस्ट एलपार त्याच सिसप्लेक्समध्ये असेल तर "आधी टेस्टवर करून बघतो" हे चालत नाही. महिनाअखेरीसाठी वेगळी पॉलिसी ठेवता येते, त्यात गोल आणि इम्पॉर्टन्स ओव्हरराइड होतात, क्लासिफिकेशन रूल मात्र सगळ्या पॉलिसींना तेच. आमच्याकडे बॅचचा क्रिटिकल क्लास महिनाअखेरीला तीनवरून दोनवर जातो, ऑपरेटर व्हेरी कमांडने पॉलिसी बदलतो आणि सकाळी परत मूळची लावतो, बदल दर वेळी डिस्प्ले डब्ल्यूएलएम देऊन कन्फर्म करायचा.

एका वेळी एकच बदल करा, आणि तो करून निदान एक आठवडा बघा. फक्त ज्याला वर घेतलं त्याचा पीआय बघू नका, ज्याच्याकडून गेलं त्याचा बघा, कारण पहिला तर सुधारणारच. आणि हार्डवेअर बदललं, प्रोसेसरची संख्या कमीजास्त झाली, की व्हेलॉसिटीचे सगळे गोल परत काढावे लागतात, जुन्या मशीनवर ४० म्हणजे जे होतं ते नव्यावर राहत नाही. आमच्याकडे मागच्या अपग्रेडनंतर तीन आठवडे टेस्टवाले खूश होते, कुणी तक्रार करेना म्हणून मला शंका आली आणि बघितलं तर त्यांचा पीआय ०.५ आणि क्रिटिकल बॅचचा १.४.